तू फक्त पडून राहा!

परवा भाच्याने एक बातमी पाठवली. वर लिहिलं होतं, "मामा, ही नोकरी माझ्यासाठीच निघालीय!" बातमी अशी, की जर्मनीत कोलोन शहरात दोन महिने नुसतं अंथरुणावर पडून राहायचे साडेसोळा हजार युरो देतात. बातमी तशी शिळी आहे, २०१९ सालची. पण अधूनमधून कोणीतरी ती पुन्हा गरम करून वाढतंच. मग आमच्या घरच्या ग्रुपवर व्हायचं तेच झालं. दाजी म्हणाले, हे काम मी गेली वीस वर्षं फुकट करतोय. ताई म्हणाली, ह्यांना आजच पाठवा, पैसे मात्र माझ्या खात्यावर. मीही दोन हसरे चेहरे टाकले आणि फोन बाजूला ठेवला.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. दोन महिने अंथरुणावर पडून राहिलेलं एक माणूस मी अगदी जवळून बघितलंय. तिला कोणी पैसे दिले नव्हते. आम्हीच तिला झोपवून ठेवलं होतं, आणि तेही अगदी प्रेमाने.

त्या गोष्टीकडे येतोच. आधी ही पैसे देऊन झोपवण्याची भानगड काय आहे ते सांगतो, कारण दोन्हींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे.

हे प्रयोग अंतराळवीरांसाठी असतात. पलंग सपाट नसतो, डोक्याकडची बाजू सहा अंशांनी खाली झुकवलेली असते. जेवण, आंघोळ, वाचन आणि बाकीचे सगळे विधी आडव्यानेच. निदान एक खांदा सतत गादीला टेकलेला पाहिजे हा नियम, आणि उठून बसायला बंदी. असं केलं की रक्त आणि शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं आणि पायांवर भार उरत नाही. अंतराळात नेमकं हेच होतं. तिथे चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि पाय काटक्यांसारखे बारीक होतात. प्रत्येक शंकेसाठी माणूस वर पाठवणं परवडत नाही, म्हणून जमिनीवरच खोटं अंतराळ उभं करायचं! सहा अंशांची कल्पना मूळची रशियन. परत आलेल्या अंतराळवीरांना साध्या पलंगावर पायांच्या बाजूला घसरल्यासारखं वाटायचं, म्हणून पायांकडची बाजू उचलली, आणि त्यातून ही पद्धत आली, असं सांगतात. १९८६ साली मॉस्कोत एक प्रयोग सुरू झाला, त्यात माणसं ३७० दिवस झोपून होती. २००५ साली फ्रान्समध्ये तुलूझ इथे २४ बायकांनी ६० दिवस असेच काढले. आपण ज्याला चैन समजून हसतो ती अशी असते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर १९७० सालच्या जून महिन्यात सोयूझ-९ या यानातून आंद्रियान निकोलायेव्ह आणि व्हिताली सेवास्त्यानोव्ह असे दोन रशियन वीर सुमारे अठरा दिवस राहून आले. त्या वेळचा तो विक्रम होता. पण खाली उतरल्यावर त्यांना धड उभंही राहता येईना. हृदयाचे ठोके वाढलेले, पाय लटपटणारे, लोकांनी धरून न्यावं लागलं. हे दोघे आजारी नव्हते बरं का. निवडून घेतलेले, कसलेले, धडधाकट गडी. अठरा दिवसांत त्यांनी केलं काय होतं? काहीच नाही. म्हणजे पायांनी काहीच केलं नव्हतं, तेच तर दुखणं.

आपलं शरीर फार हिशेबी असतं. हाड म्हणजे भिंतीतल्या सळईसारखी एकदा घातली की कायमची, अशी वस्तू नव्हे. हाडाचं जुनं खोदणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवं भरणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींचं काम जन्मभर चालू असतं. कुठे किती भरायचं हे ठरतं त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून. युलिउस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८९२ सालीच हे मांडलं होतं. भार नाहीसा झाला की खोदणाऱ्या जोरात आणि भरणाऱ्या ढिल्या. सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणून अंतराळवीरांना मुतखड्याचीही धास्ती असते. व्यायाम आणि बाकीचे उपाय पुरेसे नसले तर कमरेच्या खुब्याजवळच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. म्हातारपणी साधारण वर्षभरात जेवढं जातं तेवढं एका महिन्यात! स्नायूंचंही तेच. आणि हृदय हाही शेवटी स्नायूच. रक्त वर चढवायचं कामच राहिलं नाही, की तेही हात आखडतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो प्रयोग अंतराळातला नाहीच, अमेरिकेतल्या डॅलस शहरातला आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं आणि त्यांच्या हृदयाची, दमाची ताकद मोजली. पुढे तीस वर्षांनी, पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून मोजली. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या ताकदीचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा जास्त नुकसान तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या झोपेने केलं होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तीस वर्षं एका पारड्यात, तीन आठवडे दुसऱ्या, आणि जड कोण तर तीन आठवडे. पुढची गोष्ट मात्र आशेची आहे. त्या पन्नाशीतल्या पाच जणांना सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम दिला, तेव्हा तीस वर्षांत वयाने गेलेली ती ताकद परत आली.

आता आईची गोष्ट.

चार वर्षांपूर्वी आई ७३ वर्षांची होती. साताऱ्याच्या घरात एकटी राहायची. गच्चीवर वाळवणं घालायची, खाली बसून विळीवर भाजी चिरायची, आणि आम्ही गेलो की आम्हालाच दमवायची. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात होती, त्यातून सुखरूप बाहेर आली. घरी सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "यांना झोपवून ठेवू नका हं, रोज थोडं थोडं चालवा." आम्ही माना डोलावल्या. आणि पुण्याला घरी आणून नेमकं उलट केलं.

वाईट हेतू कोणाचाच नव्हता. केवढं मोठं दुखणं निभावलं, आता जरा सुख लागू दे तिला, एवढंच मनात. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली. ताट हातात, पाणी हातात, चष्मा हातात. ती म्हणायची, "अरे, निदान भांडी तरी लावते." आम्ही एका सुरात म्हणायचो, "आई, तू फक्त पडून राहा!" भेटायला येणारेही तेच. शेजारच्या काकू तर दाराशी उभ्या राहून कौतुक करायच्या, किती करतात हो मुलं, आईला जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. आम्हालाही ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

दोन महिन्यांनी छाती स्वच्छ झाली, तसा फोटोही आला. आजार गेला होता. पण आईला खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले. पोटऱ्यांवरची कातडी सैल लोंबायला लागली. ज्या बाईने आयुष्यभर पाण्याच्या कळशा वाहिल्या ती न्हाणीघराच्या चार इंची उंबऱ्यापाशी थांबून आधार शोधायची. आणि एका पहाटे त्याच उंबऱ्यावर तिचा तोल गेला आणि मनगट मोडलं. आम्ही म्हणालो, वय झालं आता. सगळे हेच म्हणतात. वयाला कुठे तोंड असतं उलट बोलायला?

पुढे बऱ्याच दिवसांनी एक अमेरिकन अभ्यास वाचनात आला, २००७ सालचा. ६७ वर्षांच्या आसपासच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस झोपवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस उतरलं. दहा दिवसांत एक किलो! तेही आजार नसताना, वेळेवर खात-पीत असताना. मी दवाखान्यातले नऊ आणि घरचे साठ दिवस बोटांवर मोजले आणि पान बंद केलं.

म्हणून मला त्या नेहमीच्या प्रश्नावर थोडं बोलायचंय. कुठलंही यान उडालं की हमखास विचारतात, इथे रस्त्यावर खड्डे आहेत, पोरांना शाळा नाहीत, आणि तुम्हाला अंतराळात माणसं पाठवायचीत? प्रश्न अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. त्यावर जे उत्तर मिळतं ते मात्र मला पटत नाही. अंतराळामुळे अमुक यंत्र आलं, तमुक कापड आलं, अशी यादी वाचून दाखवायची. एखादं कापड हवं होतं तर त्यासाठी चंद्रावर कशाला जायला पाहिजे होतं?

आणि खरं सांगायचं तर झोपून राहण्याचे तोटे डॉक्टरांना अंतराळाच्या आधीही दिसू लागले होते. रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९४७ सालीच त्यावर खणखणीत लेख लिहिला होता. तेव्हा हृदयविकाराचा झटका आला की रोग्याला कित्येक आठवडे पलंगाला खिळवून ठेवत. १९५२ साली अमेरिकेत लीव्हाइन आणि लाऊन या दोन डॉक्टरांनी अशा रोग्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं, तेव्हा ते धाडसच वाटलं होतं. म्हणजे सगळं श्रेय अंतराळाला द्यायचं कारण नाही.

मग अंतराळाने दिलं काय? माझ्या मते, एक शंका कायमची फेडली. म्हातारं माणूस झोपून खंगलं की नेमकं कशाने खंगलं हे सांगता येत नाही. वयाने, आजाराने, औषधांनी, की नुसत्या झोपण्याने? सगळं एकात एक गुंतलेलं. अंतराळवीर निरोगी असतो, मध्यमवयीन असतो, त्याचं रक्त, लघवी, हाडं सगळं आधी आणि नंतर मोजलेलं असतं. त्याच्या आयुष्यातून ठळकपणे काढून घेतलेली गोष्ट एकच, स्वतःचं वजन. आणि तेवढ्यानेच तो म्हाताऱ्यासारखा होतो. (अंतराळात किरणोत्सर्ग आहे, झोपेची ओढाताण आहे, हे मान्य. पण कोलोनच्या पलंगावर यातलं काहीच नव्हतं, आणि तिथेही हाडं-स्नायू त्याच वाटेने गेले.) म्हणजे आपण ज्याला वय म्हणून हात जोडतो, त्यातला बराचसा भाग वय नसतोच. तो आपण वापरायचं सोडून दिलेला असतो.

पण हे आपल्यापर्यंत पोचत नाही. पोचतं ते भलतंच. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस स्थानकावर राहिला आणि त्याचा जुळा भाऊ मार्क खाली. दोघांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २०१८ मध्ये, बातम्या झळकल्या होत्या की स्कॉटचा डीएनए सात टक्के बदलला, आता ते जुळे राहिले नाहीत! असं काही झालंच नव्हतं. काही जनुकांची कामाची पातळी बदलली होती आणि त्यातली सात टक्के सहा महिन्यांनंतरही पूर्ववत व्हायची होती, इतकंच. सुनीता विल्यम्स २०२५च्या मार्चमध्ये २८६ दिवसांनी परतली, तेव्हा स्ट्रेचरचे फोटो बघून आमच्या ग्रुपवर "बिचारी" "बिचारी" चाललं होतं. मला बिचारी वाटली नाही. स्ट्रेचर ही तिथली ठरलेली रीत आहे. ती बाई स्थानकावर पट्ट्यांनी स्वतःला पळण्याच्या यंत्राकडे ओढून घेऊन २००७ साली बोस्टन मॅरेथॉन धावली होती. तिथे प्रत्येकाच्या दिवसातले दोन-अडीच तास व्यायामासाठी राखलेले असतात. वजन उचलायचं म्हटलं तर तिथे वजनच नाही, म्हणून हवा काढलेल्या नळकांड्यांच्या जोरावर ओझं निर्माण करणारं यंत्र २००८ साली वर नेलं. ते वापरणाऱ्या, पुरेसं खाणाऱ्या आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या वीरांची हाडांची घनता बऱ्याच अंशी टिकली. संपूर्ण उत्तर तेही नाही. २०२२ साली आलेल्या एका अभ्यासात, परतून वर्ष झालं तरी बहुतेकांच्या पायाच्या हाडांची झीज पूर्ण भरून आलेली नव्हती. परतल्यावर नासाच्या वीरांना ४५ दिवस रोज दोन तास पुन्हा उभं करण्याचा कार्यक्रम असतो, हाताशी माणसं असतात.

माझ्या आईच्या हाताशी कोण होतं? आम्ही. गरम सूप घेऊन.

आपला शुभांशु शुक्ला २०२५च्या जून-जुलैत स्थानकावर गेला, तेव्हा त्याच्यासोबत बंगळूरच्या संस्थेचा एक प्रयोग होता. वजनरहित अवस्थेत स्नायूंच्या पेशींना पुन्हा वाढायला काय मदत करतं, याचा. असे प्रयोग झालेच पाहिजेत असं माझं मत आहे. त्यातून उद्या एखादं औषध निघेलही. पण औषधाची वाट बघत बसायचं कारण नाही, कारण साठ वर्षांच्या या साऱ्या संशोधनाचं सार इतकं साधं आहे, की ते दवाखान्यातून घरी सोडताना देतात त्या कागदावर दोन ओळींत मावेल. "विश्रांती घ्या" या एका शब्दाच्या जागी किती वेळा उठायचं, किती पावलं चालायचं, हे लिहा. आणि सोबतच्या मुलांना बाजूला घेऊन दटावून सांगा. आम्हाला सांगितलं होतं, पण एकदाच, आणि हळू आवाजात. मी डॉक्टर नाही. कुणाला खरोखरच झोपवून ठेवावं लागतं आणि ते डॉक्टरच ठरवणार. माझं म्हणणं बाकीच्यांबद्दल आहे, ज्यांना फक्त आपलं प्रेम झोपवतं.

मनगट जुळल्यावर आम्ही फिजिओथेरपीच्या बाई लावल्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, आजी, हात न टेकता उठा. आईला जमलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रात्री मला म्हणाली, "ओझं झाले रे मी तुमच्यावर." काय बोलावं ते मला सुचलं नाही. आज वाटतं, तिच्यावरचं सगळं ओझं आम्ही काढून घेतलं होतं, तिथूनच ती आमच्यावर ओझं व्हायला लागली. आपल्याकडे कुणाचं ओझं हलकं करणं म्हणजे पुण्य. हाडांना ते पुण्य कळत नाही.

आठ महिने लागले. आता आई काठी घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जाते. स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवते आणि आम्ही दात-ओठ खाऊन बघत बसतो, मध्ये पडत नाही. सगळं मात्र परत आलं नाही. खाली बसून उठणं गेलं ते गेलंच. विळी माळ्यावर आहे, साताऱ्याच्या घराला कुलूप आहे. त्या कुलपाचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून उठतो.

असो. भाच्याला रात्री उत्तर लिहिलं, "आजी रोज सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा वेळा हात न टेकता खुर्चीतून उठते. तू किती वेळा उठतोस ते कळव, मग नोकरीचं बघू."

अजून उत्तर आलेलं नाही. झोपला असेल.